घोड्यांच्या आवारातला चिखल आणि वीस ट्रॉल्या मुरूम

वाचकाचे पत्र

महोदय, माळशिरस तालुक्यात आमची बागायती शेती आहे. माझ्याकडे दोन मारवाडी घोड्या आणि दीड वर्षाचे एक शिंगरू आहे. त्यांच्यासाठी दहा गुंठ्यांचे आवार कुंपण घालून राखले असून त्याच्या एका कडेला २० बाय ५० फुटांचे पत्र्याचे शेड आहे. जमीन काळी, भारी आहे आणि वरच्या बांधाला चुलतभावाचा ऊस आहे. सप्टेंबरच्या पावसात फाटकापाशी आणि गव्हाणीपाशी इतका चिखल होतो की जनावरांचे पाय खुरांच्या वरच्या सांध्यापर्यंत रुततात. तो चिखल दिवाळी उलटली तरी वाळत नाही. मोठ्या घोडीची नाल यंदा दोनदा चिखलात निघाली आणि आता तिच्या मागच्या खुरांना घाण वास येतो. उन्हाळ्यात त्याच जागी हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूमवाला म्हणतो २० ट्रॉल्या मुरूम पसरून घ्या, शेजारी म्हणतात नदीची वाळू टाका, आणि भाऊ म्हणतो सरळ सिमेंटचा कोबा करू. आम्ही काय करावे? याच आवारात शिंगराला फिरवण्यासाठी रिंगण करता येईल का?

(विनंतीवरून नाव व गाव दिलेले नाही.)

उत्तर

सप्रेम नमस्कार.

मुरूमवाल्याला होकार देण्याआधी त्या २० ट्रॉल्यांचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेव्हा आपले आवार झाले १०,८९० चौरस फुटांचे. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट मुरूम येतो असे धरले, तर २० ट्रॉल्यांचे २,००० घनफूट होतात. ते सगळ्या आवारावर सारखे पसरले तर थर जेमतेम सव्वादोन इंचांचा बसतो आणि पाणी मारून दाबल्यावर तो पावणेदोन इंचांच्या आसपास येतो. साडेतीनशे-चारशे किलोंची घोडी ओल्या काळ्या मातीवरच्या एवढ्याशा थरावर वावरू लागली की तिचे खूर तो थर खाली दाबत जातात, खालचा गाळ वर येत जातो आणि पहिल्याच पावसाळ्याच्या अखेरीस मुरूम कुठे पडला होता हे दाखवायलाही उरत नाही. काळ्या जमिनीवर असे पातळ थर देत राहणे म्हणजे दर वर्षी नवे पैसे मातीत घालणे आहे. मात्र तोच २० ब्रास मुरूम आपण अडीच गुंठ्यांवर टाकला, तर सुटा थर पावणेनऊ इंचांचा आणि दाबलेला सात इंचांचा होतो, आणि असा थर नीट केला तर वर्षानुवर्षे टिकतो. माझा सल्ला याच दिशेचा आहे: सगळे आवार सुधारण्याचा विचार सोडावा, थोडी जागा पक्की करावी, आणि मुरमाला हात लावण्याआधी पाण्याचा बंदोबस्त करावा.

आपल्या पत्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य चिखल दिवाळी उलटली तरी वाळत नाही, हे आहे. सोलापूर जिल्ह्याचा पाऊस मुळात कमी आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडणारा. पाऊस थांबून कडक ऊन पडू लागल्यावर केवळ पावसाचे पाणी महिनाभर वरच्या थरात टिकून राहणे अवघड आहे. याचा अर्थ आवाराला आणखी कुठून तरी पाणी मिळते आहे. वरच्या बांधाला ऊस आहे आणि त्या उसाला पाटाने भिजवले जात असेल, तर प्रत्येक पाळीनंतर पाझर उताराच्या दिशेने, म्हणजे आपल्या आवाराखाली येत असणार. नीरा उजव्या कालव्याच्या भिजक्षेत्रात अशी बांधाखाली उपळणारी शेते कमी नाहीत. खात्री करण्याचा उपाय सोपा आहे. पाऊस संपून महिना झाला की आवाराच्या वरच्या कडेला दोन-अडीच फूट खोल खड्डा घ्यावा, त्यावर फळी टाकून ठेवावी आणि उसाला पाणी दिल्यानंतर दोन-तीन दिवस रोज पाहावे. खड्ड्याच्या वरच्या, उसाकडच्या भिंतीतून पाणी झिरपताना दिसले की शंका उरत नाही.

पाझर निघालाच, तर वरच्या बांधालगत, कुंपणाच्या बाहेर, आवाराच्या लांबीभर एक चर काढावा. तो दोन ते अडीच फूट खोल आणि फूटभर रुंद असला म्हणजे पुरे. तळाशी चार इंची सच्छिद्र पाईप उताराने टाकून भोवती आणि वर खडी भरावी. खडीत माती शिरू नये म्हणून सगळे जिओटेक्स्टाइल कापडात गुंडाळावे आणि पाईपचे तोंड ओढ्याकडे किंवा शेततळ्याकडे मोकळे सोडावे. क्षारपड जमिनी सुधारण्यासाठी भूमिगत निचऱ्याची जी कामे करतात त्याच जातीचे हे काम आहे, त्यामुळे ते जाणणारे कारागीर आपल्या भागात सापडायला अडचण पडू नये. उघडा चर मात्र जनावरांच्या वावरात ठेवू नये. बुजलेल्या शिंगराचा पाय त्यात गेला तर मोडण्यापर्यंत वेळ येते. चर काढण्याआधी चुलतभावांशी बोलून बांधालगतच्या चार-सहा सऱ्या ठिबकवर घेता येतील का हेही विचारावे. ते जमले तर निम्मे काम तिथेच होईल, आणि पाण्यावरून भावकीत कटुता येण्यापेक्षा हा मार्ग सर्वांच्याच हिताचा आहे.

पाण्याची दुसरी वाट आपल्याच शेडवरून येते. २० बाय ५० फुटांच्या पत्र्यावर एक इंच पाऊस पडला की सुमारे २,३०० लिटर पाणी पागोळ्यांनी खाली येते, आणि गव्हाण शेडच्या कडेला असेल तर ते नेमके घोड्यांच्या उभे राहण्याच्या जागी पडते. पत्र्याला पन्हळ बसवून ते पाणी पाईपने आवाराबाहेर नेणे हा या सगळ्या यादीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय आहे. इतर काहीही करणे यंदा शक्य झाले नाही, तरी एवढे मात्र येत्या पावसाळ्याआधी करावेच. पाण्याच्या हौदाला तरंगत्या चेंडूची तोटी बसवली आहे का तेही पाहावे, कारण रोज भरून वाहणारा हौद ऐन उन्हाळ्यातही भोवती दलदल राखतो.

आता त्या चिखलाकडे येऊ. भाताच्या खाचरात शेतकरी मुद्दाम चिखलणी करतो, कारण ओल्या मातीत पाय आणि अवजार फिरले की तिच्यातली पोकळी बुजते आणि पाणी खाली मुरायचे थांबते. फाटकापाशी वैरणीची वाट पाहत पाय आपटणारे घोडे न कळत तेच काम दिवसभर करत असतात. काळ्या मातीत पाण्याने फुगणारी चिकणमाती भरपूर असल्यामुळे हा परिणाम तिथे अधिकच तीव्र होतो. त्यात लीद मिसळते. एका घोड्याची दिवसाची लीद १५ ते २० किलो भरते. तीन जनावरांची महिन्याला दीड टनाच्या आसपास जाते. आपले शिंगरू अजून लहान आहे म्हणून काही कमी धरली तरी आकडा मोठाच राहतो. ही लीद आणि सांडलेला कडबा तुडवला जाऊन मातीवर काळसर, मऊ थर तयार होतो आणि तो पाणी धरून बसतो. हाताने उकरून पाहिले तर त्याचा वास आणि त्याखालच्या मूळ मातीचा वास वेगळा येतो, आणि बहुतेक आवारांत हा थर चार-सहा बोटे जाड निघतो. त्याच्यावर टाकलेले कोणतेही साहित्य टिकत नाही. म्हणून पक्की करायची जागा ठरली की आधी हा थर पूर्ण खरवडून काढावा. शेतासाठी तो उत्तम खत आहे, तेव्हा वाया काही जात नाही. त्यानंतर पक्क्या जागेवरची लीद रोज, आणि उरलेल्या आवारातली निदान आठवड्यातून दोनदा उचलण्याची शिस्त ठेवावी. ही शिस्त नसेल तर पुढचा सगळा खर्च दोन-तीन वर्षांत त्याच काळ्या थराखाली जाईल, हे मी अगदी स्पष्ट सांगतो. उकिरडाही आवाराच्या खालच्या अंगाला हवा, म्हणजे त्याचे पाणी आत येणार नाही.

पक्की जागा कोणती निवडावी, हे घोडेच सांगतात. ते जिथे तासन्‌तास उभे असतात, म्हणजे फाटक, गव्हाण, पाण्याचा हौद आणि शेडचे तोंड, तिथेच जमीन मोडते. ही चारही ठिकाणे आज आवारात विखुरलेली असतील तर ती शक्य तितकी एकत्र आणावीत, आणि जमत असेल तर उंचवट्याच्या बाजूला आणावीत. फाटक सखल कोपऱ्यात असेल तर ते हलवण्याचा खर्च मुरमाच्या खर्चापेक्षा कमी येतो. शेडला लागून अडीच गुंठ्यांचा सलग तुकडा निवडून त्याला आतून कुंपण आणि फाटक करावे, म्हणजे पावसाळ्यात घोडे शेड आणि तो तुकडा एवढ्यातच राहतील आणि उरलेल्या साडेसात गुंठ्यांना विश्रांती मिळेल.

कामाचा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीचा धरावा. तोवर माती फुगलेली नसते आणि मोठ्या भेगाही पडलेल्या नसतात. मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीवर काम केले तर पहिल्या पावसात खालची माती फुगते आणि वरचा थर उचलला जाऊन फाटतो.

यानंतरची एक गोष्ट फार ठिकाणी चुकते. वरचा खराब थर काढल्यावर आणखी फूटभर खोदून त्या खड्ड्यात मुरूम भरण्याचा मोह होतो, पण काळ्या मातीत खोदलेला खड्डा हा तळ न गळणारा हौद असतो. भोवतालचे पाणी मुरमातून आत येते, बाहेर जाण्याची वाट त्याला नसते आणि मुरूम आतून भिजून मऊ पडतो. त्यामुळे खोदाई टाळून भराव जमिनीच्या वर घ्यावा, म्हणजे तयार झालेली जागा भोवतीच्या आवारापेक्षा सहा इंच तरी उंच राहील. तळाच्या मातीलाच शेडपासून दूर जाणारा उतार द्यावा. शंभर फुटांना एक ते दोन फूट, म्हणजे आपल्या पन्नास फुटांना सहा इंच ते एक फूट एवढा उतार पुरतो. त्याहून तीव्र उतारावर जोराच्या सरीत बारीक माल वाहून जातो. गवंडी पाणी भरलेला पारदर्शक पाईप वापरून पातळी काढतात, त्यानेच हा उतार खुंट्या ठोकून आखून घ्यावा. नजरेच्या अंदाजावर सोडू नये.

आखलेल्या तळावर मुरूम टाकण्याआधी जिओटेक्स्टाइल कापड अंथरावे. विणलेले नसलेले, नमद्यासारखे दिसणारे आणि चौरस मीटरला २०० ते २५० ग्रॅम वजनाचे कापड घ्यावे. ते पाणी जाऊ देते, पण खालची माती वर येऊ देत नाही आणि वरचा मुरूम खाली जाऊ देत नाही. काळ्या जमिनीवर हे कापड सोडून बाकी सगळे केले तर पाच वर्षे टिकायचे काम दोन वर्षांत मोडते, म्हणून काटकसर करायची असेल तर जागा कमी करावी, कापड गाळू नये. अडीच गुंठ्यांचे क्षेत्र सुमारे २५० चौरस मीटर होते. पट्ट्या एकमेकींवर फूट-दीड फूट चढवायच्या असल्याने ३०० चौरस मीटर कापड मागवावे. ताडपत्री किंवा शेततळ्याचा कागद याऐवजी चालत नाही, कारण त्यातून पाणी जात नाही. सिमेंटची जुनी पोतीही वापरू नयेत. ती फाटतात, त्यांच्या दशा वर येतात आणि शिंगरू त्या चघळते.

मुरूम कठीणच हवा. खाणीवर जाऊन ढिगाच्या आतल्या भागातले दोन-तीन खडे घरी आणावेत आणि रात्रभर पाण्याच्या बादलीत टाकून ठेवावेत. सकाळी ते बोटांनी दाबल्यावर फुटून त्यांचा गाळ होत असेल तर तो मुरूम मऊ आहे आणि आपल्या कामाचा नाही. कडा शाबूत राहिल्या तर घ्यावा. मुठीएवढे दगड चाळून काढावेत, कारण तळव्याला दगड लागून आतून रक्त साकळले की घोडी आठवडेच्या आठवडे लंगडते. राडारोडा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. त्यात खिळे, काचा आणि तारा असतात, आणि घोडा हा धनुर्वाताला विशेष बळी पडणारा प्राणी आहे. धनुर्वाताची लस आपल्या तिन्ही जनावरांना दिलेली असेलच. नसेल तर हे काम सुरू होण्याआधी द्यावी. गाडीबरोबर रॉयल्टीची पावती आणि वाहतुकीचा पास मागून घ्यावा, म्हणजे पुढे महसूल खात्याकडून विचारणा झाली तर अडचण येणार नाही.

मुरूम एकदम न टाकता तीन-चार इंचांच्या थरांत पसरावा आणि प्रत्येक थरावर पाणी शिंपून रोलर फिरवावा. रोलर मिळाला नाही तर भरलेल्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर मागे-पुढे चालवूनही बरीच दाबणी होते, मात्र ती चाकोरीत न होता सगळ्या जागेवर सारखी झाली पाहिजे. माती मुठीत धरल्यावर गोळा व्हावा पण हाताला पाणी लागू नये, एवढाच ओलावा त्या वेळी असावा. कापडावर ट्रॅक्टर थेट चढवू नये. आधी टाकलेल्या मुरमावर उभा राहून तो पुढे रिकामा करीत जावा. फाटकाच्या आत, जिथे सर्वांत जास्त तुडवण होते, तेवढ्या दहा-पंधरा फुटांत मुरमाखाली चार इंच ४० मिलिमीटरची खडी घालावी. कडांना घडीव दगड जमिनीशी सपाट बसवावेत, म्हणजे थर बाजूला सरकणार नाही.

सगळ्यांत वर खडीच्या क्रशरवरचा बारीक कच दीड ते दोन इंच टाकावा. त्याला ब्रासच्या हिशेबात साधारण पाच ट्रॉल्या लागतात. कचाचे कण टोकदार असल्याने ते एकमेकांत बसतात आणि पायाखाली घट्ट पण बोचरी नसलेली जमीन तयार होते. नदीच्या वाळूचे कण पाण्याने घासून गोल झालेले असतात, त्यामुळे ती पायाखालून सरकते आणि मातीत लवकर मिसळते. शेजाऱ्यांचा सल्ला न मानण्याचे त्याहून मोठे कारण घोड्याच्या पोटात आहे. वाळूवर सांडलेली वैरण वेचताना घोडे वाळू गिळतात, ती मोठ्या आतड्यात साठते आणि पोटशूळ उठतो. असा शूळ जिवावरही बेततो. वाळूच्या बाबतीत जी भीती, ती काही प्रमाणात कचाच्या बाबतीतही आहे, म्हणून पक्क्या जागेवर वैरण कधीही जमिनीवर टाकू नये. गव्हाणीखाली आणि भोवती रबरी मॅट किंवा भंगारात मिळणारा जुना कन्व्हेयर बेल्ट अंथरावा आणि तो रोज झाडावा. बेल्ट घेताना आत पोलादी तारा नाहीत ना, हे कापलेल्या कडेवरून पाहून घ्यावे. अधूनमधून मूठभर ताजी लीद पारदर्शक बाटलीत पाण्यात कालवून काही वेळ स्थिर ठेवावी. तळाशी वाळू किंवा कच बसलेला दिसला तर वैरणीची व्यवस्था बदलून पशुवैद्यांना दाखवावे.

कोब्याचा विचार भावांनी सोडून द्यावा. ओल्या सिमेंटवर नाल मारलेला घोडा घसरतो, आणि त्यावर दिवसभर उभे राहणे सांध्यांना सोसत नाही. हौदाभोवती धुण्यापुरता चार फुटांचा खरखरीत पट्टा केला तर चालेल. रस्त्याच्या कामात काळी माती चुना मिसळून घट्ट करतात, हेही आपल्या कानावर आले असेल. पण कच्चा चुना खुरांवरच्या कातडीला आणि डोळ्यांना दाहक असतो, तेव्हा जनावरांच्या वावरात तो प्रयोग नको. लाकडाचा भुसा आणि भाताचे तूस शेडच्या आत अंथरायला चांगले आहेत, मात्र उघड्यावर टाकले तर एका पावसाळ्यात कुजून त्यांचाच चिखल होतो.

उरलेल्या साडेसात गुंठ्यांना गवताचे आवरण हवे. घोड्यांच्या टापा सोसून पुन्हा फुटणाऱ्या गवतांत हरळीची बरोबरी करणारे गवत आपल्याकडे क्वचितच आहे. उसाच्या शेतकऱ्याला तिचा राग येणे रास्त आहे, म्हणून बांधाकडेचा दोन-तीन फुटांचा पट्टा दर महिन्याला खणून मोकळा ठेवावा. आवारात मात्र तिला तणनाशक मारू नये. हरळीच्या काड्या जूनच्या पहिल्या ओलीवर लावाव्यात, जोडीला मारवेलची ठोंबे लावता येतील, आणि तो पूर्ण पावसाळा त्या तुकड्यात जनावर सोडू नये. पुढेही नियम एकच ठेवावा की जमिनीवर माणसाच्या बुटाचा ठसा खोल उमटतो तोवर घोडे पक्क्या जागेतच राहतील. विकतच्या मुरमाबरोबर गाजर गवताचे बी हमखास येते. ते फुलावर येण्याआधी उपटावे, कारण जनावरांना ते घातक आहे.

उन्हाळ्यातल्या भेगांवर जिराईत शेतकऱ्यांचीच युक्ती लागू पडते. गवत नसलेल्या जागी पाऊस ओसरून वाफसा आला की हलका कुळव फिरवावा. वरची दोन इंच माती भुसभुशीत राहिली की खालची ओल लवकर उडत नाही आणि भेगा कमी रुंद पडतात. तरीही पडलेल्या मोठ्या भेगा एप्रिलमध्ये त्याच मातीने बुजवून घ्याव्यात. शिंगराचे खूर आणि सांधे अजून घडत आहेत, आणि धावताना भेगेत अडकलेला खूर आयुष्यभराचे व्यंग देऊन जातो.

रिंगणाबद्दल थोडक्यात सांगतो. साठ फूट व्यासाच्या रिंगणाला सुमारे २,८२७ चौरस फूट, म्हणजे आणखी अडीच गुंठ्यांहून थोडी अधिक जागा लागते आणि त्याचा पाया वर सांगितला तसाच करावा लागतो. वर दोन ते तीन इंचांपेक्षा जास्त मऊ थर असू नये. खोल मऊ जमिनीत गोल फिरवल्याने पायांच्या शिरांवर ताण येतो. दीड वर्षाच्या शिंगराला लहान वर्तुळात पळवण्याची मुळीच घाई करू नये, त्याला या वयात मोकळे बागडू देणे आणि दोरीवर सरळ चालायला शिकवणे पुरेसे आहे. रिंगणाचे काम पक्क्या जागेचा एक पावसाळा पाहून पुढच्या वर्षी हाती घ्यावे. निचरा कुठे कमी पडतो हे तोवर कळलेले असेल आणि रिंगणाची जागा त्यानुसार निवडता येईल.

हे सगळे होईपर्यंत मोठ्या घोडीने थांबावे असे मात्र नाही. मागच्या खुरांना येणारा घाण वास हे खुराच्या तळव्यातला मऊ, त्रिकोणी भाग सडू लागल्याचे लक्षण आहे. ओल, लीद आणि हवा न लागणे यांत वाढणाऱ्या जिवाणूंमुळे तो सडतो आणि बाजूच्या खाचांत काळा, चिकट स्राव दिसतो. आजच तिला कोरड्या, भुसा अंथरलेल्या जागी बांधावे, दोन्ही वेळा खूर उकरून घासून स्वच्छ करावेत आणि कापडाने कोरडे करावेत. नालबंदाला बोलावून सडलेले, सुटलेले भाग काढून घ्यावेत. खाचेत उकरणी टेकवताच घोडी पाय हिसकून घेत असेल किंवा लंगडत असेल, तर सड आतपर्यंत गेली आहे असे समजून त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलवावे. मोरचूद किंवा इतर औषध कोणते आणि किती तीव्र लावायचे ते त्यांनीच ठरवावे, कारण जिवंत भागावर तीव्र औषध लागले तर जखम चिघळते. पावसाळ्यात नालबंदाची फेरी सहा आठवड्यांच्या पुढे जाऊ देऊ नये. लांबलेल्या खुरावरची सैल नाल चिखल पहिल्यांदा ओढून नेतो, आणि यंदा दोनदा नाल निघाली त्यामागे चिखलाइतकेच हेही कारण आहे का, हे नालबंदाला दाखवून विचारावे.